ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

वर्धा जिल्ह्यातील कपाशीच्या शिवारावर रात्र उतरली, की आकाश हळूहळू ताऱ्यांनी भरून येते. पवनारजवळ धाम नदीच्या काठी उभे राहून वर पाहिले, तर हजारो तारे लुकलुकताना दिसतात. परंतु त्यांच्या गर्दीत कधी कधी एक गोलक असा असतो, की जो सर्वांहून तेजस्वी असूनही लुकलुकत नाही. त्याचा प्रकाश शांत व स्थिर असतो. तो गुरू होय. कधी त्याच्यापासून दूर, तर कधी जवळ, किंचित पिवळसर रंगाचा दुसरा एक गोलक दिसतो. तो शनी. दुर्बीण ठाऊक नसलेल्या काळीही हे दोन ग्रह आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

त्यांनी ते नुसते ओळखले नाहीत, तर त्यांची चालही मोजली. गुरू एका राशीत सुमारे एक वर्ष राहतो आणि बारा वर्षांनी पुन्हा पहिल्या जागी येतो. तो सिंह राशीत आला, की नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरतो. शनीची चाल फार मंद. एका राशीस त्याला अडीच वर्षे लागतात, म्हणून तीन राशींस साडेसात. लोकांच्या तोंडी असलेला साडेसाती हा शब्द मुळात या गणितातून आला आहे. मंद चालणारा म्हणून त्याला शनैश्चर असे नाव मिळाले.

या ग्रहांचे गणित पंचांगात मांडलेले असते. परंतु पंचांगात ग्रह जेथे लिहिला आहे, तेथे तो आकाशात खरोखर असतो काय? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर मनाशी बाळगला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता ज्यांची बुद्धी सूर्यमालेच्या ज्ञात सीमेपलीकडे जाऊन पोचली, त्या एका शाळाशिक्षकाचे हे चरित्र आहे. त्यांचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म इ. स. १८५४ मध्ये नरगुंद येथे झाला. नरगुंद आज कर्नाटक राज्यात आहे. त्या काळी ते भावे घराण्याचे एक लहानसे मराठी संस्थान होते. व्यंकटेश अवघे चार वर्षांचे असताना, १८५८ साली, नरगुंदच्या संस्थानिकांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. तो उठाव मोडला गेला आणि संस्थान खालसा झाले. अशा उलथापालथीच्या काळात त्यांचे बालपण गेले. वडील बापूशास्त्री हे संस्कृत विद्येचे व ज्योतिषाचे जाणकार होते. त्यामुळे ग्रह, नक्षत्रे, तिथी आणि करणे हे शब्द मुलाच्या कानी लहानपणापासूनच पडत होते.

पुढे व्यंकटेश बेळगावास शिकावयास गेले. तेथील इंग्रजी शाळेत त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. या शिक्षणाने त्यांच्यासमोर दोन भांडारे खुली झाली. एकात आर्यभट, भास्कराचार्य आणि गणेश दैवज्ञ यांची संस्कृत विद्या होती. दुसऱ्यात न्यूटन, लाप्लास आणि लव्हेरिए यांचे युरोपीय गणित होते. त्या काळी बहुतेकांना यांपैकी एकच भांडार ठाऊक असे. जुने शास्त्री इंग्रजी ग्रंथ उघडीत नसत आणि इंग्रजी शिकलेले तरुण जुन्या पोथ्यांना हात लावीत नसत. केतकरांनी दोहोंचाही आदराने अभ्यास केला. विद्या कोणाची आहे हे न पाहता ती खरी आहे की नाही एवढेच पाहावे, ही वृत्ती त्यांनी आपलीशी केली.

१८७४ च्या सुमारास ते मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात शिक्षक झाले. पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांचे पुष्कळसे आयुष्य अशा लहान गावांत गेले. तेथे मोठी वेधशाळा नव्हती, मोठे ग्रंथालयही नव्हते. दिवसा शाळा आणि शाळेबाहेरच्या वेळी गणित, असा त्यांचा व्यासंग वर्षानुवर्षे चालू राहिला.

त्या काळी महाराष्ट्रात बहुतेक पंचांगे ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५२० मध्ये रचला. त्याची थोरवी मोठी आहे. ज्या गणितासाठी पूर्वी अवघड कोष्टके लागत, ते त्यांनी साध्या रीतींनी करून दाखविले. खेडोपाडीच्या जोश्यालाही ग्रहांची स्थिती काढता येऊ लागली. परंतु आकाशातील गणिताला एक अडचण असते. ग्रहाच्या गतीत केसाएवढी चूक राहिली, तरी ती वर्षानुवर्षे साचत जाते. एखादे घड्याळ रोज अर्धा मिनिट मागे पडत असेल, तर एका दिवसात ते कोणाच्या ध्यानात येत नाही. पण चार महिन्यांत ते तासभर मागे पडते. ग्रहलाघवाला साडेतीनशे वर्षे होऊन गेली होती. पंचांगात ग्रहणाची एक वेळ लिहिलेली असावी आणि आकाशात ग्रहण दुसऱ्याच वेळी लागावे, असे घडू लागले होते.

या चुकीकडे लक्ष देणारे केतकर हे पहिले नव्हेत. पुण्याचे थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि पुढे त्या गणितावरून नवे पंचांगही सुरू झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून या विद्येचा सारा इतिहास उजेडात आणला. दीक्षितही शिक्षणखात्यातलेच होते. केतकरांनी या कार्याला पुढची पायरी जोडली.

त्यांनी युरोपातील नव्या ग्रहगणिताचा बारकाईने अभ्यास केला आणि ते सारे गणित आपल्या परंपरेच्या साच्यात नव्याने बसविले. १८९८ साली त्यांचा ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ संस्कृतात लिहिण्यामागे मोठा विचार होता. पंचांगे करणारे जोशी आणि शास्त्री काशीपासून कांचीपर्यंत पसरलेले होते. त्यांची भाषा प्रांताप्रांतांत निराळी, परंतु संस्कृत सर्वांना समान. शिवाय जे ज्ञान परके म्हणून दूर ठेवले जात होते, तेच ओळखीच्या भाषेत व ओळखीच्या रीतीने समोर आले, तर त्याचा स्वीकार सुलभ होणार होता. पंचांगकर्त्यांच्या सोयीसाठी त्यांनी ‘केतकी ग्रहगणितम्’ हा ग्रंथही रचला. मराठी वाचकांसाठी ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिले. निरनिराळ्या देशांच्या कालगणनेवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १९२३ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेने प्रसिद्ध केला.

हे काम वरवर वाटते तितके सोपे नव्हते. गुरू आणि शनी यांचेच उदाहरण घ्यावे. सूर्याभोवती एक फेरी करावयास गुरूला सुमारे पावणेबारा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो आणि शनीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे. म्हणजे गुरूच्या पाच फेऱ्या होतात, तेवढ्यात शनीच्या जवळजवळ दोन फेऱ्या होतात. दोहोंना सुमारे एकोणसाठ वर्षे लागतात. आपल्या साठ संवत्सरांच्या चक्राचा संबंधही गुरूच्या अशा पाच फेऱ्यांशीच आहे. हे दोन्ही ग्रह प्रचंड असल्यामुळे ते एकमेकांना ओढतात. ही ओढ ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा त्याच रीतीने बसते. त्यामुळे काही शतके एकाची गती किंचित वाढते आणि दुसऱ्याची किंचित मंदावते, व पुढे हा क्रम उलटतो. हे कोडे युरोपातील गणितज्ञांनाही फार दिवस सुटले नव्हते. १७८५ साली फ्रान्सच्या लाप्लास या गणितज्ञाने ते सोडविले आणि हे चक्र सुमारे नऊशे वर्षांचे आहे असे दाखविले. नुसत्या सरळ गतीने हिशेब करणाऱ्याचे गुरू-शनी चुकणार, यात नवल नव्हते. सूक्ष्म गणित करावयाचे, तर असे अनेक बारीक संस्कार ध्यानात घ्यावे लागतात.

हे ग्रह आहेत तरी कसे? पृथ्वीसारखी टणक जमीन त्यांच्यावर नाही. गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम या दोन हलक्या वायूंचे बनलेले आहेत. खोल आत जावे तसा दाब वाढत जातो आणि हे वायू द्रवरूप होतात. पण कोठेही पाय ठेवावयास भूमी सापडत नाही. गुरूचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या अकरापट आहे. त्याच्या पोटात सुमारे तेराशे पृथ्वी मावतील. एवढे अवाढव्य शरीर असूनही तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. त्याच्या अंगावर ढगांचे पट्टे आहेत आणि तांबड्या रंगाचे एक वादळ दीडशे वर्षांहून अधिक काळ तेथे घोंघावत आहे. ते वादळ पृथ्वीहूनही मोठे आहे. शनीभोवती बर्फाच्या व खडकांच्या असंख्य तुकड्यांची सुंदर कडी आहेत. शनी इतका विरळ आहे, की त्याच्या द्रव्याची घनता पाण्याहूनही कमी भरते.

शनीच्या पलीकडे ग्रह असेल, अशी कल्पना प्राचीनांना नव्हती. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून युरेनस हा ग्रह दिसला. तो सूर्यापासून सुमारे २८७ कोटी किलोमीटर दूर असून ८४ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. तो जणू कुशीवर कलंडून चालतो. त्यामुळे त्याच्या ध्रुवावर बेचाळीस वर्षे दिवस आणि बेचाळीस वर्षे रात्र असते. पुढे एक विलक्षण गोष्ट आढळली. युरेनस गणिताने ठरविलेल्या मार्गावरून जरा ढळत होता. त्याला पलीकडून कोणी ओढीत असावे, असा तर्क करून फ्रान्सचे लव्हेरिए यांनी त्या अदृश्य ग्रहाची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी त्या दिशेला दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नवा ग्रह सापडला. तो नेपच्यून होय. सूर्यापासून तो सुमारे ४५० कोटी किलोमीटर दूर आहे. त्याला एका फेरीस सुमारे १६५ वर्षे लागतात. त्याच्या शोधानंतरची त्याची पहिली फेरी २०११ साली पुरी झाली. युरेनस आणि नेपच्यून यांत वायूंबरोबर पाणी, अमोनिया व मिथेन यांचा भाग मोठा आहे. म्हणून आजचे शास्त्रज्ञ गुरू व शनी यांना वायुरूप महाग्रह म्हणतात आणि या दोघांना हिमरूप महाग्रह म्हणून वेगळे गणतात.

नेपच्यूनच्या शोधाने गणिताचे सामर्थ्य जगाला कळले. लेखणीच्या टोकाने ग्रह शोधता येतो, असे दिसून आले. केतकरांचा जन्म झाला तेव्हा या घटनेला आठच वर्षे झाली होती. साहजिकच पुढचा प्रश्न अनेकांच्या मनात घोळू लागला. नेपच्यूनच्याही पलीकडे काही आहे काय?

केतकरांनी या प्रश्नाचा विचार निराळ्या वाटेने केला. त्यांची दृष्टी पुन्हा गुरूकडे वळली. परंतु या वेळी गुरूच्या चंद्रांकडे. इटलीत गॅलिलिओ यांनी जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे चंद्र पाहिले होते. त्यांपैकी आतले तीन म्हणजे आयो, युरोपा आणि गॅनिमीड. आयोची गुरूभोवतीची फेरी पावणेदोन दिवसांहून किंचित अधिक काळात होते, युरोपाची सुमारे साडेतीन दिवसांत आणि गॅनिमीडची सात दिवसांहून थोड्या अधिक काळात. म्हणजे गॅनिमीडची एक फेरी होते, तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. एका मैदानाभोवती तीन भाऊ धावत आहेत. थोरल्याची एक फेरी होते तोवर मधल्याच्या दोन व धाकट्याच्या चार होतात, आणि हा ताल कधीच चुकत नाही, असे समजावे. या तिघांत आणखी एक नियम आहे. हे तीनही चंद्र एकाच वेळी गुरूच्या एकाच बाजूस एका रेषेत कधीही येत नाहीत. या तालाचे गणित लाप्लास यांनीच मांडले होते.

जो नियम गुरूच्या लहानशा परिवारात चालतो, तो सूर्याच्या मोठ्या परिवारातही चालत नसेल काय, असा विचार केतकरांनी केला. युरेनसची फेरी ८४ वर्षांची आणि नेपच्यूनची १६५ वर्षांची, म्हणजे जवळजवळ दुप्पट. येथेही ताल दिसत होता. हाच ताल पुढे नेला, तर नेपच्यूनच्या पलीकडचा ग्रह कोठे असावा? केतकरांनी हिशेब मांडला. त्यांच्या गणिताप्रमाणे दोन ग्रह पलीकडे असावयास हवे होते. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. पृथ्वी व सूर्य यांच्यातील अंतर, म्हणजे सुमारे पंधरा कोटी किलोमीटर, हे एक माप धरले, तर ब्रह्मा सूर्यापासून ३८.९५ मापे दूर असावा आणि त्याची एक फेरी २४२.२८ वर्षांत व्हावी, असे त्यांचे उत्तर आले. हा लेख १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिषीय संस्थेच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला.

एकोणीस वर्षे लोटली. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ हा तरुण आकाशाची छायाचित्रे घेऊन ती एकमेकांशी ताडून पाहत होता. फेब्रुवारी १९३० मध्ये त्याला त्या छायाचित्रांत जागा बदलणारा एक अंधुक ठिपका आढळला. मार्च महिन्यात ही वार्ता जगाला कळविण्यात आली. त्या गोलाला प्लूटो हे नाव मिळाले. त्याचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस मापे भरले आणि फेरीचा काळ सुमारे २४८ वर्षे. केतकरांनी ब्रह्मासाठी काढलेले आकडे याच्या किती जवळचे होते, हे ताबडतोब ध्यानात येते. त्याच वर्षी, १९३० मध्ये, केतकरांचे निधन झाले.

येथे चरित्र संपविले, तर ते ऐकावयास गोड वाटेल. परंतु ते अपुरे राहील. ज्या माणसाने आयुष्यभर खऱ्याचा आग्रह धरला, त्याच्याविषयी सर्व खरे तेच सांगितले पाहिजे. केतकरांनी ब्रह्माचे अंतर व काळ सांगितला. परंतु तो आकाशात कोणत्या दिशेला दिसेल, हे सांगितले नव्हते. त्यामुळे त्यांच्या गणितावरून कोणी दुर्बीण लावून प्लूटो शोधला, असे घडले नाही. त्यांनी सांगितलेला दुसरा ग्रह विष्णू अद्याप कोणाला आढळलेला नाही. नेपच्यून आणि प्लूटो यांच्या फेऱ्यांत ताल आहे हे खरे. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात, तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात.  पुढे प्लूटो फारच लहान ठरला. त्याचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या चंद्राहूनही तो लहान. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्याची गणना बटुग्रहांत केली. १९८९ साली व्हॉयेजर २ हे अवकाशयान नेपच्यूनजवळून गेले, तेव्हा नेपच्यूनचे वस्तुमान अधिक अचूक कळले. ते वापरून हिशेब केल्यावर युरेनसच्या मार्गात राहिलेली उरलीसुरली तफावतही नाहीशी झाली.

मग केतकरांचे गणित व्यर्थ गेले काय? तसे मुळीच नाही. आकाशातील गोल एकमेकांच्या ओढीने तालात बांधले जातात, या ज्या विचारावर त्यांनी आपले गणित उभारले, तो विचार खरा आहे. आज शास्त्रज्ञ नेपच्यूनपलीकडच्या शेकडो लहान गोलांचा अभ्यास करीत आहेत आणि त्यांतील पुष्कळ गोल नेपच्यूनच्या तालात बांधलेले आढळले आहेत. विचार योग्य, परंतु त्या वेळी हाती असलेली माहिती अपुरी, असे शास्त्रात अनेकदा घडते. धाडसाने तर्क करावा, तो आकड्यांत मांडावा आणि त्याचा न्याय आकाशावर सोपवावा, हीच शास्त्राची रीत आहे. मोघम बोलणाऱ्याची चूक कधी सिद्ध होत नाही. आकडा सांगणारा मात्र आपली परीक्षा होऊ देतो. केतकरांनी आकडा सांगितला.

हीच वृत्ती त्यांनी पंचांगाच्या वादातही ठेवली. ग्रहांच्या स्थिती शुद्ध काढावयाच्या हे अनेकांना मान्य झाले, तरी राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा याविषयी विद्वानांत मोठा मतभेद होता. काहींच्या मते तो रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून मोजावा. लोकमान्य टिळक या पक्षाचे होते. केतकर चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून मोजावा या मताचे होते. चित्रा हा ठळक तारा आहे; त्याचा वेध घेणे सोपे. टिळकांविषयी साऱ्या देशाला आदर होता. तथापि आदर आणि गणित या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे जाणून केतकरांनी आपले मत सोडले नाही. दोन्ही पक्षांची पंचांगे पुढे चालू राहिली. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. या समितीने १९५५ साली दिलेल्या अहवालात चित्रा ताऱ्याला धरूनच आरंभबिंदू ठरविला. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

जुन्या गणिताला हात लावणे म्हणजे पूर्वजांचा अवमान करणे, असे मानणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. केतकरांच्या कार्याने त्यांना एक शांत उत्तर मिळाले. गणेश दैवज्ञांनीदेखील आपल्या काळी जुन्या ग्रंथांतील ग्रह आकाशाशी जुळतात की नाही हे पाहिले होते आणि जेथे जुळले नाहीत तेथे नवे गणित केले होते. पूर्वजांचा ग्रंथ जसाच्या तसा जपून ठेवणे हा आदराचा एक प्रकार झाला. परंतु त्यांनी जे केले, तेच आपल्या काळात पुन्हा करणे हा त्याहून मोठा आदर होय. आकाशाशी ताडून पाहण्याच्या या रीतीला आपल्या शास्त्रात दृक्प्रत्यय असे नाव आहे. केतकरांचे सारे आयुष्य या एका शब्दाच्या सेवेत गेले.

केतकरांपाशी वेधशाळा नव्हती, धन नव्हते, मोठे अधिकारपद नव्हते. होती ती शाळेची नोकरी, दोन परंपरांची पुस्तके, कागद आणि लेखणी. एवढ्या साधनांवर त्यांनी बागलकोटसारख्या गावी बसून सूर्यापासून साडेपाचशे कोटी किलोमीटरांहूनही दूरच्या प्रदेशाचा विचार केला.

आजही पंचांगाच्या पानावर गुरू आणि शनी यांच्या राशी छापलेल्या असतात. आजही वर्ध्याच्या शिवारावर, नदीकाठच्या मोकळ्या आकाशात, ते दोन शांत गोलक आपापल्या गतीने पुढे सरकत असतात. पानावरचा ग्रह आणि आकाशातला ग्रह एकाच ठिकाणी आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी फार साधने लागत नाहीत. अंधारी रात्र, थोडा धीर आणि स्वतः ताडून पाहण्याची इच्छा, एवढे पुरते. व्यंकटेश बापूजी केतकरांच्या अभ्यासाच्या मुळाशी हीच इच्छा होती.